मालकाचा आवाज

भोंग्यासमोर कान टवकारून बसलेला तबकडीवरचा कुत्रा माझ्या पिढीला चांगलाच ओळखीचा. 'हिज मास्टर्स व्हॉइस' हे त्या कंपनीचं नाव इटालियनमध्ये होतं 'ला वोचे देल पाद्रोने', म्हणजे मालकाचा आवाज. सिसिलीच्या फ्रांको बात्तियातो या गीतकार-गायकानं १९८१ साली आपल्या अल्बमला हेच नाव दिलं. त्यात गाणी अवघी सात. तरीही दहा लाखांहून अधिक खपलेला तो पहिला इटालियन अल्बम मानला जातो.

बात्तियातो (१९४५-२०२१) मुळात लोकप्रियतेच्या वाटेचा माणूस नव्हता. सत्तरच्या दशकात तो सिंथेसायझरवर अवघड प्रयोग करत असे. पुढे 'न्यू वेव्ह' संगीत आलं: आटोपशीर गाणं, घट्ट ठेका, सिंथेसायझरचे सूर. बात्तियातोनं ही शैली उचलली. आपले व्हायोलिनचे गुरू जुस्तो पिओ यांना सोबत घेतलं आणि चाली कुणालाही गुणगुणता येतील अशा केल्या.

शब्द मात्र सोपे केले नाहीत. 'बांदिएरा बिआंका' म्हणजे पांढरं निशाण. त्याचं धृपद आर्नाल्दो फुझिनातो या एकोणिसाव्या शतकातल्या कवीकडून आलं आहे. १८४९ साली उपासमार आणि कॉलऱ्यानं खंगलेलं व्हेनिस ऑस्ट्रियाला शरण गेलं, त्यावरची ती कविता. बात्तियातोनं ते निशाण पैशामागे धावणाऱ्या आपल्या काळावर फडकावलं. याच गाण्यात जर्मन तत्त्वज्ञ अडोर्नोच्या ग्रंथनामावर कोटीही केली आहे.

दुसरं गाजलेलं गाणं कायमच्या गुरुत्वमध्याचं. ही कल्पना गुर्जिएफ या गूढवादी गुरूच्या शिकवणीतली. मन सारखं डळमळतं, त्याला एक पक्की बैठक हवी, असा त्याचा आशय. गाण्यात चीनच्या मिंग दरबारातले, बौद्ध भिक्षूंचा वेश केलेले जेझुइट पाद्रीही भेटतात. आणि हे सारं पाय थिरकवणाऱ्या ठेक्यावर!

आम्हा कवींना नेहमी सांगितलं जातं, 'लोकांना कळेल असं लिहा.' सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण हे गाणं गुणगुणणाऱ्या किती जणांना गुर्जिएफ ठाऊक असेल? गझलेचंही असंच होतं. शेर आधी आवडतो, अडलेल्या शब्दाचा अर्थ आपण शेजाऱ्याला नंतर विचारतो. ऐकणाऱ्याला सगळं लगेच कळायलाच हवं, असं नाही. त्याला पुन्हा ऐकावंसं वाटलं पाहिजे. बात्तियातोनं श्रोत्याच्या बुद्धीवर विश्वास टाकला आणि श्रोत्यांनी तो सार्थ ठरवला. आम्ही लिहिणाऱ्यांनीही तो टाकायला हरकत नाही.