बंदूक १८४७ची, मग साईट कधीची?

समजा, तुमच्यासमोर एक जुनी अमेरिकन रायफल आहे आणि घोड्याजवळच्या लोखंडी पट्टीवर १८४७ असं कोरलंय. मग नळीवरची मागची साईट, म्हणजे नेम धरायची खाच असलेला भाग, तोही १८४७चाच का? लगेच ‘हो’ म्हणू नका.

उदाहरणासाठी ‘मॉडेल १८४१’ घेऊ. ही ठासणीची बंदूक. घोडा तांब्याच्या छोट्या टोपीवर आपटला की ठिणगी आतल्या दारूपर्यंत जाते. मेक्सिकोच्या युद्धात जेफरसन डेव्हिसच्या मिसिसिपी रेजिमेंटने ती वापरली, म्हणून तिचं नाव पडलं ‘मिसिसिपी रायफल’. मूळ नळी ०.५४ इंचांची, गोळी गोल आणि मागची साईट एका जागी पक्की.

१८५५मध्ये अमेरिकन सैन्याने ०.५८ इंचांची लांबट मिनिए गोळी स्वीकारली. तेव्हा युद्धमंत्री होता हाच डेव्हिस! ही गोळी गोल गोळीपेक्षा दूरवर नेमकी जायची, पण गुरुत्वाकर्षण कोणाला सोडतंय? सेकंदाला ३०० मीटर वेगाने सुटलेल्या गोळीला ५०० यार्ड, म्हणजे सुमारे ४५७ मीटर, जायला दीड सेकंद लागतो. हवेचा अडथळा शून्य धरला तरी तेवढ्यात ती ११ मीटर खाली येते. म्हणजे नळी आधीच वर रोखायला हवी. किती वर, हे अंतरानुसार ठरवणारी साईट आता गरजेची झाली.

म्हणून हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात जुन्या रायफलींच्या नळ्या ०.५८ इंचांपर्यंत रुंदावल्या आणि त्यांवर वरखाली होणाऱ्या साईट बसवल्या. १८६१मध्ये कोल्ट कंपनीनेही जुन्या रायफली घेऊन असेच बदल केले; तिची साईट दोन उघडझाप पात्यांची होती.

यातून नियम असा निघतो: बंदुकीवरचं साल बंदुकीचं. साईटचा प्रकार फक्त ‘याच्या आधी नाही’ एवढंच सांगतो. पेटंटचं सालही तसंच. विल्यम लायमनच्या साईटचं पेटंट १८७९चं. ती १८४७च्या रायफलवर दिसली, तर नंतर कोणीतरी बसवली हे नक्की.

मग बघायचं काय? नळीचं माप बदललंय का? साईटशेजारी बुजवलेली खाच किंवा स्क्रूची भोकं आहेत का? साईटचा आणि नळीचा गंज सारखाच जुना दिसतो का? एकट्या खुणेवर विसंबू नका. दोन-तीन खुणा जुळल्या तरच बोला.

हा काथ्याकूट कशासाठी? ‘ही साईट मूळची नाही’ म्हणून ती काढून १८४७सारखी नवी बसवली की बंदूक दिसायला जुनी होते, पण १८५५नंतरचा तिचा खरा इतिहास पुसला जातो. नंतर बसवलेली साईट म्हणजे नकली साईट नव्हे. कधीकधी बंदुकीवरचा सगळ्यात बोलका पुरावा तोच असतो.