बंदुकीच्या चिमूटभर दारूची तीन कामं

१९०७ साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात अडॉल्फ टॉपरवाइन नावाचा नेमबाज दहा दिवस एकच काम करत होता. मदतनीस सव्वादोन इंचांचे लाकडी ठोकळे हवेत उडवायचे आणि तो ते गोळीने टिपायचा. ७२,५०० ठोकळ्यांपैकी त्याचे नऊ चुकले. १९५९ मध्ये टॉम फ्राय या दुसऱ्या अमेरिकन नेमबाजाने १,००,०१० ठोकळ्यांवर नेम धरला आणि त्याचे सहा चुकले. या माणसांच्या डोळ्यांचं आणि हातांचं कौतुक व्हायलाच हवं. पण मला राहून राहून त्यांच्या हातातल्या यंत्राचं नवल वाटतं. टॉपरवाइनकडे विंचेस्टरचं १९०३ चं मॉडेल होतं, फ्रायकडे रेमिंग्टनची नायलॉन ६६. दोन्ही ‘पॉइंट टू टू’ या बारीक नळीच्या जातीच्या आणि दोन्ही अर्धस्वयंचलित. चाप ओढला की गोळी सुटणार, रिकामी पुंगळी बाहेर उडणार आणि नवं काडतूस आपोआप जागेवर बसणार. पुढच्या गोळीसाठी चाप तेवढा पुन्हा ओढायचा. ही तिन्ही कामं करायला काडतुसात दारू असते ती जेमतेम एका ग्रॅमच्या दहाव्या भागाएवढी.

या जातीचं आज सगळ्यात जास्त वापरात असलेलं काडतूस म्हणजे पॉइंट टू टू लाँग रायफल. अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने ते १८८७ मध्ये आणलं. पूर्ण काडतुसाची लांबी एक इंच. पुढे शिशाची गोळी, वजन साधारण २.६ ग्रॅम, मागे पितळेची पातळ पुंगळी. मोठ्या रायफलींच्या काडतुसांत बुडाशी मधोमध एक छोटी टोपी बसवलेली असते आणि फायरिंग पिन तिच्यावर आपटली की ठिणगी पडते. इथे टोपीच नाही. पुंगळीच्या बुडाची कड करंजीच्या मुरडीसारखी दुमडलेली असते, फक्त आतून पोकळ, आणि त्या पोकळीत आघाताने पेट घेणारा मसाला असतो. कारखान्यात हा मसाला ओला असतानाच पुंगळीत घालतात आणि आत गरगर फिरवून कडेत चहूबाजूंनी पसरवतात. मग तो सुकतो. फायरिंग पिन कडेच्या एका बिंदूवर आपटते, पितळ चेंगरतं, मसाला पेटतो आणि त्याची ज्वाळा दारूला भिडते.

पिन आपटून चेंगरावी म्हणून कड पातळच ठेवावी लागते. त्यामुळे या काडतुसात फार दाब चालत नाही, आणि एकदा वापरलेली पुंगळी पुन्हा भरताही येत नाही. दुसरी गोष्ट किरकोळ वाटेल, पण रेंजवर रायफल तपासताना तपासणीचा सगळा कल तिनेच ठरतो. मोठ्या काडतुसांचे शौकीन घरी बसून दारू मिलिग्रॅमच्या हिशेबात तोलतात आणि आपल्या रायफलीला मानवेल असं काडतूस स्वतः घडवतात. पॉइंट टू टूवाल्याला ती सोय नाही. कारखान्याने भरलं ते मुकाट्याने घ्यायचं; त्याच्या हातात उरतं ते निवडणं.

उदाहरणाला एक ओळखीची रायफल घेऊ. रुगर या अमेरिकन कंपनीने १९६४ मध्ये १०/२२ नावाचं मॉडेल बाजारात आणलं आणि ते आजही बनतं. वजन सव्वादोन किलोच्या आसपास, नळी साडेअठरा इंचांची, म्हणजे ४७ सेंटिमीटर. दहा काडतुसांचं मॅगझिन गोल फिरणाऱ्या चक्राचं. काडतुसं एकावर एक रचलेली नसून चक्राच्या खाचांत वेगवेगळी बसतात. कडेवाल्या काडतुसांसाठी ही रचना फार विचारपूर्वक केलेली आहे, कारण एकावर एक रचली की त्यांच्या कडा एकमेकींत अडकू शकतात.

आता खरी गंमत. या रायफलीत गोळी सुटताना मागचं दार कुलूपबंद नसतंच. काडतूस जिथे बसतं त्या चेंबरच्या मागे एक जड पोलादी तुकडा, म्हणजे बोल्ट, नुसता स्प्रिंगच्या जोरावर टेकलेला असतो. दारू पेटली की वायू गोळीला पुढे ढकलतो आणि त्याच क्षणी पुंगळीला मागे. मग पुंगळी नेमबाजाच्या तोंडावर का येत नाही? उत्तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमात आहे. समजा बोल्ट २०० ग्रॅमचा आहे. म्हणजे तो गोळीच्या जवळजवळ ७७ पट जड. गोळी सेकंदाला ३३० मीटर वेगाने निघाली, तर बोल्टच्या वाट्याला येतो सेकंदाला चार-साडेचार मीटरचा वेग. गोळी नळीतले ४७ सेंटिमीटर कापेपर्यंत बोल्ट मागे सरकतो तो या हिशेबाने सहा मिलिमीटर, आणि घर्षण व स्प्रिंग धरली तर त्याहूनही कमी. पुंगळीची लांबी आहे १५.६ मिलिमीटर. म्हणजे गोळी नळीच्या तोंडाबाहेर पडून दाब ओसरेपर्यंत पुंगळीचा बराचसा भाग चेंबरच्या आधारातच असतो. हा सगळा प्रकार सुमारे दोन सहस्रांश सेकंदांत उरकतो. कसलीही कळ नाही, खिट्टी नाही. निव्वळ वस्तुमानाच्या भरवशावर दार योग्य वेळेपर्यंत लोटलेलं राहतं. नंतर बोल्ट आपल्या गतीनेच मागे जातो, पुंगळी बाहेर फेकतो, हातोडी ताणून ठेवतो आणि स्प्रिंगने परत ढकलला गेला की पुढचं काडतूस चेंबरमध्ये सारतो.

अशी रायफल रेंजवर तपासायची म्हणजे त्या चिमूटभर दारूला विचारायचं, तिन्ही कामं जमतात का, आणि दर वेळी जमतात का.

अडचण अशी की ही कामं एकमेकांशी भांडतात. अचूक नेमासाठी गोळी ध्वनीपेक्षा हळू गेलेली बरी, म्हणून स्पर्धेची उत्तम काडतुसं मुद्दाम मऊ भरलेली असतात. पण काडतूस फार मऊ असेल तर बोल्ट पुरता मागे जात नाही, आणि रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता खिडकीत अडकते. चेंबरचंही तसंच. स्पर्धेच्या रायफलीत ते इतकं घट्ट असतं की काडतूस बसतानाच गोळीवर नळीतल्या आट्यांचे ठसे उमटतात. अर्धस्वयंचलित रायफलीत ते थोडं सैल ठेवावं लागतं, नाहीतर गोळीवरच्या मेणाचा आणि काजळीचा थर साचला की काडतूस आत जाणारच नाही. म्हणून तपासणीत आधी नेम न पाहता दोन-तीन जातींची काडतुसं मॅगझिनमागून मॅगझिन चालवून बघतात, आणि कुठे काय अडकलं ते लिहून ठेवतात. चाप ओढूनही काडतूस उडालं नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचं, कारण मसाला क्वचित उशिराही पेटतो.

मग नेम. माणसाच्या हाताची थरथर हिशेबात येऊ नये म्हणून रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवतात आणि ५० मीटरवरच्या कागदावर गोळ्या सोडतात. कारखान्यातून येणारा चाप बऱ्याचदा जड असतो. तो ओढायला जवळपास रायफलीच्या वजनाएवढा जोर लागला, तर पिशवीवरची रायफलही हलते. म्हणून चापाचा जोरही मोजून ठेवायचा. मॅगझिनमधली पहिली गोळी वेगळी नोंदवायची. ते काडतूस हाताने बोल्ट सोडून आत गेलेलं असतं, बाकीची बोल्टने स्वतःच्या धडाक्यात सारलेली असतात, आणि कित्येक रायफलींत पहिली गोळी बाकीच्यांपासून फटकून पडते.

कागदावरच्या भोकांच्या पुंजक्याला नेमबाज ‘ग्रुप’ म्हणतात. सगळ्यात दूरच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर, हे त्याचं माप. इथे जवळजवळ सगळेच फसतात. तीन गोळ्यांचा सुंदर ग्रुप पडला की माणूस कागद घडी करून खिशात घालतो. पण गोळ्या वाढवाल तसा ग्रुप वाढतोच; त्यात रायफलीचा काही दोष नाही, तो संभाव्यतेचा नियम आहे. ज्या रायफलीचे तीन गोळ्यांचे ग्रुप सरासरी १५ मिलिमीटरचे पडतात, तिचेच पाच गोळ्यांचे १९ च्या आणि दहा गोळ्यांचे २४ च्या आसपास पडणार. एकच रायफल, एकच पेटी, तीन वेगळी उत्तरं. म्हणून माझ्या मते एखाद्या रायफलीबद्दल बोलायचं तर दहा-दहा गोळ्यांचे अनेक ग्रुप हवेत, आणि त्यातला सगळ्यात छोटा निवडून दाखवण्यात काहीच अर्थ नाही.

५० मीटर जायला गोळीला एका सेकंदाचा सहावा भागही लागत नाही, तरी तेवढ्यात ती बारा सेंटिमीटर खाली पडते. एका काडतुसाचा वेग दुसऱ्यापेक्षा सेकंदाला दहा मीटरने कमी निघाला, तर भोक सात-आठ मिलिमीटर खाली. चिमूटभर दारूतला कणभर फरक, कडेतला मसाला एका बाजूला किंचित जास्त, आणि तो फरक कागदावर उतरतो. त्या प्रवासात गोळी स्वतःभोवतीही फिरत असते. नळीतले आटे सोळा इंचांत एक फेरा घेतात, म्हणजे सेकंदाला आठशेहून अधिक फेरे.

वाऱ्याची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती छपाईची चूक वाटली होती. सेकंदाला तीन मीटर वेगाचा आडवा वारा, म्हणजे गालाला जाणवेल इतपत झुळूक, ५० मीटरवर गोळीला दीड-दोन सेंटिमीटर बाजूला नेते. मग वेगवान काडतूस घ्यावं, कमी वेळ हवेत राहील, कमी ढळेल? उलट होतं. जास्त वेगाची पॉइंट टू टू गोळी वाऱ्यात जास्त ढळते. ढळणं एकूण वेळेवर अवलंबून नसतं. हवेच्या अडथळ्यामुळे गोळीला जितका जादा वेळ लागला, तितकी ती ढळते. ध्वनीच्या वेगापाशी हा अडथळा एकदम वाढतो. सेकंदाला ३८० मीटरने निघालेली गोळी हवेशी झगडत वेग घालवते. ३३० मीटरची गोळी त्या भानगडीत पडतच नाही, कारण ध्वनीचा वेगच साधारण ३४० आहे. हळू जाणारी गोळी वाऱ्यात सरळ राहते, हे कागदावर भोकं मोजून कुणीही ताडून बघू शकतो.

पण सगळ्यात अनाकलनीय वागणूक नळीची. एका रायफलीला एका कंपनीचं काडतूस मानवतं, शेजारच्या टेबलावरच्या तशाच रायफलीला दुसऱ्याचं. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन वेगळ्या लॉटमध्येही फरक पडतो. काडतूस बदललं की गोळीवरच्या मेणाचा नळीतला जुना थर जाऊन नवा बसेपर्यंत काही गोळ्या भरकटतात. त्या मोजायच्या नसतात. हे इतकं खरं आहे की इंग्लंडमधली एली आणि जर्मनीतल्या शोनेबेकमध्ये अशी कडेवाली, म्हणजे रिमफायर काडतुसं बनवणारी लापुआ यांनी खास चाचणी-रेंज ठेवल्या आहेत. नेमबाज आपली रायफल घेऊन तिथे जातात, ती पक्क्या आधारात आवळतात, एकामागून एक लॉट चालवून पाहतात आणि जो जुळला त्याचा साठा विकत घेतात.

आपल्याकडे या काडतुसाची सगळ्यात घट्ट ओळख कोल्हापूरला आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झाली ती याच काडतुसावर. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य २०२४ मध्ये याच काडतुसावर मिळवलं. त्यांच्या प्रकारात प्रत्येक गोळी हाताने भरतात, त्यामुळे दारूला तिथे एकच काम उरतं. राही सरनोबतचा २५ मीटर पिस्तूल प्रकार मात्र अर्धस्वयंचलित. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतल्या तिच्या सुवर्णामागे बोल्टची ती सगळी ये-जा होती. ५० मीटर रायफलीच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि गोळी साडेपाच मिलिमीटरहून थोडी जाड. एवढ्याशा जागेत काडतुसांच्या वेगातला दहा मीटरचा फरक दहाचा नऊ करायला पुरू शकतो. म्हणूनच लॉट जुळवायला लोक दुसऱ्या देशात जातात.