फोन नवा, ॲप्स रुसलेली

नवा स्मार्टफोन घरात आला की पहिल्या दिवशी कॅमेऱ्याचे कौतुक होते आणि दुसऱ्या दिवशी कटकटी सुरू होतात. बँकेचे ॲप उघडत नाही. व्हॉट्सॲपचे मेसेज फोन हातात घेतल्यावरच धडाधड येतात. वर्षानुवर्षे वापरलेले पंचांगाचे ॲप प्ले स्टोअरवर सापडत नाही. घरातले कोणीतरी ‘जुना काय वाईट होता?’ असे विचारून मीठ चोळते ते वेगळेच.

अशा वेळी फोन परत करावा का? त्रास किती होतोय एवढ्यावरून हे ठरवू नये. तो दूर करणे कोणाच्या हातात आहे, ते आधी शोधावे. काही दोष तुमच्याच सेटिंगमध्ये असतात, काही ॲप बनवणाऱ्याने काढायचे असतात, काही फोन कंपनीने. आणि काहींवर कोणाकडेच इलाज नसतो.

मुदत आधी वाचा

ऑनलाइन घेतलेल्या फोनला बहुतेक वेळा सात दिवसांची मुदत असते. ती ‘रिप्लेसमेंट’ची असते, पैसे परत मिळण्याची नव्हे. अनेकदा सर्व्हिस सेंटरने दोष आहे असे लिहून दिल्यावरच फोन बदलून मिळतो. दुकानात खोक्याचे सील फुटले की ‘परत’ हा शब्दही ऐकून घेत नाहीत.

ई-कॉमर्सचे २०२० चे नियम मात्र एका बाबतीत ग्राहकाच्या बाजूने भक्कम उभे आहेत. वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. म्हणजे जाहिरातीत ई-सिम लिहिले आणि फोनमध्ये ते नसले, तर तुमची बाजू पक्की. तुमचे जुने पंचांग चालत नाही, हा मात्र विक्रेत्याचा दोष ठरत नाही.

दुसरी गोष्ट एक्स्चेंजची. जुना फोन देऊन सवलत घेतली, तर नवा फोन घेऊन आलेला माणूस दारातच जुना घेऊन जातो. मग तुलना करायला, बॅकअप राहिला असेल तर तो घ्यायला, काहीच उरत नाही. थोडी सवलत गेली तरी चालेल, पण जुना फोन निदान मुदत संपेपर्यंत घरात असू द्यावा असे माझे मत आहे. आणि ॲप्स ‘रविवारी बघू’ म्हणून ढकलू नयेत. सात दिवसांत रविवार एकच येतो.

बँक, यूपीआय आणि सिमकार्ड

सर्वांत जास्त घबराट इथे होते. गंमत म्हणजे, इथले बहुतेक अडथळे घरबसल्या सुटतात.

यूपीआय ॲप तुमच्या सिमवरून एक एसएमएस पाठवते आणि त्यावरून तुमचा नंबर त्या हँडसेटशी बांधून टाकते. हँडसेट बदलला की ही बांधणी नव्याने करावी लागते. ती फसण्याची कारणे अगदी साधी असतात. दोन सिमपैकी भलतेच निवडलेले असते. रिचार्जमध्ये एसएमएस नसतात आणि बॅलन्स शून्य असतो. व्हीपीएन चालू राहिलेले असते. किंवा बँकेत नोंदवलेला नंबर या फोनमध्ये नसतोच, तो पुण्यातल्या मुलाच्या फोनमध्ये असतो.

नोंदणी झाली तरी अँड्रॉइडवर पहिल्या २४ तासांत साधारण ५,००० रुपयांपर्यंतच पैसे पाठवता येतात. फोन चोरून पैसे काढणाऱ्याला आवर घालण्यासाठी ही मर्यादा आहे. म्हणून मंगल कार्यालयाचा ॲडव्हान्स द्यायच्या दिवशीच फोन बदलू नका.

बँकेचे ॲप ‘हे उपकरण सुरक्षित नाही’ असे सांगून बंद होत असेल, तर फोनमध्ये ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ किंवा ‘यूएसबी डीबगिंग’ चालू आहे का ते पाहा. उत्साही भाच्याने काहीतरी वेगवान करून देतो म्हणून ते चालू करून ठेवलेले असते. स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारी ॲप्स आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी घेऊन बसलेली ॲप्सही बँकांना चालत नाहीत. ती काढली की बहुधा काम होते.

एक तपासणी मात्र पहिल्याच तासात करावी. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’खाली प्ले प्रोटेक्टचे प्रमाणपत्र दिसते. तिथे फोन प्रमाणित नाही असे लिहिले असेल, तर पुढे खटाटोप करत बसू नका. अनेक बँकांची ॲप्स गुगलकडून फोनच्या अस्सलपणाची खात्री करून घेतात, आणि ती कमतरता तुम्ही किंवा बँक भरून काढू शकत नाही. अमेरिकेच्या २०१९ मधल्या निर्बंधांनंतर आलेल्या हुआवेच्या नव्या फोनांत गुगलच्या सेवाच नाहीत. स्वस्तात मिळाला म्हणून असा फोन बाहेरून मागवणारे लोक इथेच अडकतात.

सरकारी ॲप्सचीही परीक्षा याच दिवसांत घ्यावी. निवृत्तांना २०२१ पासून चेहरा दाखवून घरबसल्या हयातीचा दाखला देता येतो. त्यासाठी आधारचे फेस आरडी आणि जीवन प्रमाण अशी दोन ॲप्स लागतात. दिवाळीच्या ऑफरमध्ये फोन घेतला असेल, तर दाखल्यासाठी नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत थांबू नये. शेतकऱ्याने ई-पीक पाहणीचे ॲप घरात उघडून समाधान मानू नये. बांधावर जाऊन जीपीएस गटाची जागा नीट दाखवतो का, हे पाहिल्यावरच फोन पास झाला म्हणावे.

मेसेज उशिरा का येतात

बॅटरी दिवसभर टिकली असे जाहिरातीत म्हणता यावे, यासाठी अनेक कंपन्या मागे चालणारी ॲप्स बंद पाडतात. त्यामुळे मेसेज अडतो, औषधाची आठवण देणारे ॲप गप्प बसते, चालण्याची पावले मोजायची राहतात. अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, प्रत्येक ॲपला सूचना दाखवायलाही परवानगी मागावी लागते. पहिल्या दिवशी घाईघाईत सगळीकडे ‘नको’ दाबले असेल, तर नंतर फोन शांत राहणारच.

इलाज सोपा आहे. महत्त्वाच्या ॲपवर बोट दाबून धरा, माहिती उघडा, बॅटरीत ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा, नोटिफिकेशन चालू करा. काही चिनी कंपन्यांच्या फोनांत ‘ऑटोस्टार्ट’ नावाचे वेगळे बटण असते, तेही चालू करावे लागते. मोठ्या अपडेटनंतर हे सारे पुन्हा एकदा पाहावे.

एवढ्यासाठी फोन परत करू नये. अपवाद एकच, ज्यांचे पोट ॲपवर आहे त्यांचा. डिलिव्हरी करणारा मुलगा किंवा ॲपवर भाडी घेणारा रिक्षावाला यांच्यासाठी मागे बंद पडलेले ॲप म्हणजे हातची गेलेली ऑर्डर. सगळी सेटिंग्ज करूनही एक पूर्ण दिवस ते ॲप टिकले नाही, तर मुदतीतच फोन बदलून घेण्याच्या मागे लागावे.

जुने ॲप नव्या फोनवर का चढत नाही

हा प्रकार वेगळा आहे, कारण सेटिंग बदलून इथे काहीच होत नाही.

पहिले कारण ३२ आणि ६४ बिटचे. जुनी अनेक ॲप्स ३२ बिट प्रोसेसरसाठी लिहिलेली होती. आयफोनने २०१७ मध्ये आयओएस ११ आणताना ती सरसकट बंद केली. अँड्रॉइडने सबुरीने घेतले. ऑगस्ट २०१९ पासून प्ले स्टोअरने ६४ बिट आवृत्ती सक्तीची केली आणि २०२२ मध्ये गुगलचा पिक्सेल ७ फक्त ६४ बिट ॲप्स चालवणारा फोन म्हणून आला. ज्या ॲपचा कर्ता मधल्या काळात ते सोडून गेला, ते अशा फोनवर चालणार नाही.

दुसरे कारण सुरक्षिततेचे. अँड्रॉइड ६ येण्याआधी ॲप बसवतानाच सगळ्या परवानग्या एकगठ्ठा देऊन टाकाव्या लागत. त्या काळाच्या नियमांवर बेतलेली ॲप्स अँड्रॉइड १४ नव्याने बसवूच देत नाही, कारण लबाड ॲप्स मुद्दाम जुने नियम सांगून जास्तीच्या परवानग्या पदरात पाडून घेत. अँड्रॉइड १५ ने ही रेषा आणखी एक पायरी वर नेली. यातली मेख अशी की जुन्या फोनवर असलेले ॲप अपडेटनंतरही टिकते, पण नव्या फोनवर तेच ॲप नव्याने घालता येत नाही. ‘शेजाऱ्याकडेही अँड्रॉइड १४ आहे, त्याच्याकडे कसे चालते?’ याचे उत्तर हे आहे.

तिसरे कारण प्ले स्टोअरचे. बरीच वर्षे न सुधारलेली ॲप्स तो नव्या फोनांना शोधात दाखवत नाही. पण पूर्वी तेच ॲप त्याच गुगल खात्यावर घेतले असेल, तर ‘मॅनेज ॲप्स’च्या यादीतून ते कधीकधी मिळते. हे करून पाहायला हरकत नाही.

मग लोक व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे ॲप बसवण्याची सुटी फाइल, मागवतात. हे करू नये. लग्नपत्रिका किंवा वीजबिल म्हणून आलेल्या एपीकेने खाती रिकामी केल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या आहेत. गुगलनेही २०२४ मध्ये भारतात अशी व्यवस्था आणायला सुरुवात केली, की बाहेरून आलेले ॲप एसएमएस वाचण्यासारख्या नाजूक परवानग्या मागत असेल तर ते बसण्याआधीच अडवले जाते. संगणक जोडून आडवाटेने जुने ॲप घालता येते, नाही असे नाही. पण त्यासाठी यूएसबी डीबगिंग चालू करावे लागते, आणि ते चालू राहिले की बँकेचे ॲप रुसते.

ॲपपेक्षा त्यातली माहिती मोलाची असते, हे दुकानदाराने विशेष लक्षात ठेवावे. बिले करणारे जुने ॲप ब्लूटूथवरच्या छोट्या प्रिंटरशी जोडलेले असते, आणि तीन वर्षांची उधारी त्यात असते. जुना फोन चालू आहे तोवर ती एक्सेलमध्ये काढून घ्या. मग नवे ॲप शोधा आणि ते त्याच प्रिंटरवर मराठी अक्षरे नीट छापते का, हे पाहा. पंचांग, स्तोत्रसंग्रह, तानपुरा यांना पर्याय मिळतात. उधारीच्या वहीला पर्याय नसतो.

कॉल रेकॉर्डिंगची हौस

मे २०२२ मध्ये गुगलने बाहेरच्या ॲप्सना ॲक्सेसिबिलिटीच्या मार्गाने कॉल रेकॉर्ड करायला बंदी घातली. आता ही सोय फोनच्या मूळ डायलरमध्ये असेल तरच. गुगलचा डायलर असलेल्या फोनात रेकॉर्डिंग सुरू होताच समोरच्याला तशी सूचना ऐकू जाते, तर सॅमसंगसारख्या काही कंपन्या आपला डायलर देतात. ज्यांच्या धंद्याला रेकॉर्डिंग लागते, त्यांनी हे फोन घेण्याआधी दुकानातच विचारावे. घेतल्यावर त्यावर उपाय नाही.

अमेरिकेहून आणलेला फोन

मराठी घरांत ‘येताना एक आयफोन आण’ ही मागणी जुनी आहे. आयफोन १४ पासून, म्हणजे २०२२ पासून, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनांत सिमची खाचच नसते, फक्त ई-सिम असते. जिओ, एअरटेल आणि व्ही ई-सिम देतात, त्यामुळे शहरात अडत नाही. पण रेंज नाही म्हणून गावी गेल्यावर दुसरे सिम काढून घालायची सवय असेल, तर तो मार्ग बंद. तिथल्या कंपनीने हप्त्यावर दिलेला फोन तिच्याच नेटवर्कला कुलूपबंद असू शकतो, तेव्हा कुलूप उघडल्याची खात्री विमानात बसण्याआधी करावी. परदेशी अँड्रॉइड फोनांत आणखी एक भानगड असते. जिओचे नेटवर्क ४जी आणि ५जीवरच चालते, २जी तिथे नाही. फोनात भारतासाठी व्होल्टीई, म्हणजे ४जीवरून कॉल करण्याची सोय, चालू नसेल, तर इंटरनेट चालते आणि साधा कॉल लागत नाही. असा फोन परत पाठवणे महाग, म्हणून न आणलेलाच बरा.

अँड्रॉइडवरून आयफोनवर, आणि उलट

व्हॉट्सॲपचे जुने संभाषण आयफोनवर न्यायचे असेल, तर ‘मूव्ह टू आयओएस’ या ॲपने ते फोन पहिल्यांदा सुरू करतानाच न्यावे. नंतर आठवले, तर नवा आयफोन पुसून पुन्हा सुरू करावा लागतो. घड्याळाचे तर भांडणच आहे. ॲपलचे घड्याळ अँड्रॉइडशी जुळत नाही, आणि सॅमसंगची २०२१ नंतरची गॅलेक्सी घड्याळे आयफोनशी जुळत नाहीत.

‘पुढच्या अपडेटमध्ये होईल’

दुकानदाराचे हे आवडते वाक्य. कंपनीने अपडेटचे वचन छापून दिले असेल, तरच त्याला अर्थ आहे. गुगलने पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. स्वस्त फोनांत ही मुदत बरीच कमी असते आणि अपडेट रखडतेही. त्यातून अपडेट फोनमधली चूक दुरुस्त करते, बंद पडलेल्या कंपनीचे ॲप जिवंत करत नाही. म्हणून आज जे चालते, त्याच्याच भरवशावर फोन ठेवावा.

माझा कौल

कॉल, यूपीआय, बँक आणि तुमच्या कामाचे एक मुख्य ॲप मुदतीत सुरळीत चालले, तर बाकी कुरबुरी सोसून फोन ठेवावा. जुन्या अँड्रॉइडवर जाऊन तुमचे सोडून दिलेले ॲप काही वर्षे चालेलही, पण सुरक्षा अपडेट थांबलेल्या फोनवर बँक चालवणे हा महाग सौदा आहे. त्या एका ॲपसाठी जुना फोन सिम काढून, वाय-फायवर घरात राहू द्या. त्यातली बँकेची ॲप्स मात्र काढून टाका.

या चारांपैकी एखादे काम अडले आणि दोष फोनचा असेल, तर सर्व्हिस सेंटरमधून तसे लेखी घ्या. स्क्रीनशॉट, बिल, खोके आणि जाहिरातीचे पान जपून ठेवा. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.