कळलावी : आनुवंशिकी व लागवड

कळलावी ही भारतातील एक सुपरिचित, बहुवर्षायू व आरोही (आधाराने वर चढणारी) रानवनस्पती आहे. तिचे शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा असून पूर्वी तिचा समावेश लिलिएसी (पलांडू) कुलात केला जात असे. आता ती कॉल्चिकेसी कुलात घालतात. वाघनखी, खड्यानाग व अग्निशिखा ही तिची इतर नावे होत. कंदाचा आकार नांगरासारखा असल्याने संस्कृतात तिला लांगली म्हणतात. भारताखेरीज श्रीलंका, आग्नेय आशिया व उष्ण कटिबंधातील आफ्रिका येथे तिचा प्रसार आहे. ती तमिळनाडूचे राज्यपुष्प व झिंबाब्वेचे राष्ट्रीय फूल आहे. महाराष्ट्रात कोकणात व सह्याद्रीच्या परिसरात, कुंपणांवर व जंगलांच्या कडेने ती पावसाळ्यात उगवते आणि गौरी-गणपतीच्या सुमारास फुलते.

जमिनीतील कंदापासून दरवर्षी नवीन खोड येते. पानांची टोके लांब होऊन तणाव्यांप्रमाणे आधाराला गुंडाळतात. फुले मोठी व एकाकी असून त्यांची सहा परिदले अरुंद, कडांना तरंगित व मागे वळलेली असतात. त्यांचा रंग प्रथम हिरवट पिवळा, नंतर नारिंगी व अखेरीस लाल होतो. किंजल (स्त्री-केसराचा दांडा) किंजपुटापासून जवळजवळ काटकोनात बाजूस वळलेला असल्यामुळे त्याच फुलातील पराग किंजल्कावर आपोआप पडणे कठीण असते. परागण मुख्यतः फुलपाखरे व शिंजीर पक्षी यांच्याकडून होते. फळ (बोंड) तडकल्यावर आतील तांबड्या बिया दिसतात.

वनस्पतीचे सर्व भाग, विशेषतः कंद व बिया, अत्यंत विषारी आहेत. त्यांतील प्रमुख अल्कलॉइड कॉल्चिसीन हे होय. प्रसूतिवेदना (कळा) आणण्यासाठी कंदाचा जुना उपयोग ‘कळलावी’ या नावात सूचित झाला आहे. परंतु तो प्राणघातक ठरू शकत असल्याने सर्वथा टाळावा. शुद्ध कॉल्चिसीन वैद्यांच्या देखरेखीखाली गाऊट या संधिविकारावर देतात.

आनुवंशिकी : या वंशाची मूळ गुणसूत्र-संख्या ११ आहे. २२ गुणसूत्रांच्या (द्विगुणित) वनस्पतींखेरीज बहुगुणित प्रकारही आढळले आहेत. आनुवंशिकीच्या इतिहासात कॉल्चिसिनाला विशेष स्थान आहे. कोशिकेच्या विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे दोन बाजूंस ओढणारा तर्कू ट्युब्युलीन या प्रथिनाचा बनलेला असतो. कॉल्चिसीन या प्रथिनाशी बद्ध होऊन तर्कू बनू देत नाही. परिणामी दुप्पट झालेली गुणसूत्रे एकाच कोशिकेत राहतात. ब्लेक्सली व एव्हरी यांनी १९३७ मध्ये या गुणधर्माचा वनस्पतींतील बहुगुणनासाठी उपयोग दाखवून दिला. बिनबियांचे कलिंगड तसेच गहू व राय यांच्या संकरापासून मिळालेले ट्रिटिकेल यांच्या निर्मितीत या तंत्राचा वाटा आहे. अशा रीतीने इतर पिकांच्या सुधारणेस साधन पुरविणाऱ्या कळलावीच्या स्वतःच्या सुधारणेकडे मात्र फार उशिरा लक्ष गेले.

कॉल्चिसीन वनस्पतीत कसे तयार होते, याचा बराचसा उलगडा २०२० मध्ये झाला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील नेट, लाउ व सॅटली यांनी कळलावीतील जीनांचा अभ्यास करून फिनिलॲलॅनीन व टायरोसीन या ॲमिनो अम्लांपासून सुरू होणाऱ्या या प्रक्रियेतील एंझाइमे ओळखली आणि तंबाखूच्या वंशातील एका वनस्पतीत त्यांच्या साहाय्याने कॉल्चिसिनाचा पूर्वगामी पदार्थ तयार करून दाखविला. निरनिराळ्या ठिकाणच्या रानटी समुदायांत कॉल्चिसिनाचे प्रमाण भिन्न असते. हे विभेद म्हणजे निवड पद्धतीने सुधारणा करण्याचे मूळ भांडवल होय.

लागवड : बियांसाठी कळलावीची व्यापारी लागवड प्रामुख्याने तमिळनाडूत करूर, दिंडीगुल व तिरुप्पूर हे जिल्हे आणि वेदारण्यमचा परिसर येथे होते. पाण्याचा चांगला निचरा होणारी जमीन तिला मानवते. पाणी साचल्यास कंद कुजतात. सुमारे ५० ग्रॅ. वा त्याहून अधिक वजनाचे निरोगी कंद पावसाळ्याच्या आरंभी लावतात. कोंब कंदाच्या टोकाशीच असतो व तो ठिसूळ असतो. तो मोडल्यास कंद निरुपयोगी होतो. वेलांना तारांचा किंवा वाळक्या फांद्यांचा आधार देतात. शेतात नैसर्गिक परागण अपुरे पडत असल्याने सकाळच्या वेळी हाताने परागण करतात. पीक सुमारे सहा महिन्यांत तयार होते. करपा व कंदकूज हे प्रमुख रोग होत.

लागवडीतील मुख्य अडचण अभिवृद्धीची आहे. जुना कंद हंगामात सुकून जातो व त्याच्या जागी दोन फाट्यांचा नवा कंद येतो. त्यामुळे एका कंदापासून पुढील वर्षी एक किंवा फार तर दोनच रोपे मिळतात. बियांना प्रसुप्तावस्था असते आणि बियांपासून वाढविलेल्या रोपास फुले येण्यास तीन-चार वर्षे लागतात. एवढा काळ थांबणे शेतकऱ्यास परवडत नसल्याने लागवडीसाठी लागणारे कंद मोठ्या प्रमाणावर जंगलांतून खणून आणले गेले. बी गोळा केले तरी कंद जमिनीत राहून वनस्पती जगते. कंद खणला म्हणजे ती समूळ जाते. म्हणजे ज्या रानटी समुदायांतून भावी सुधारित वाण निवडावयाचे, तेच समुदाय लागवडीमुळे क्षीण होतात. एखादी वनस्पती पीक म्हणून लावली गेली की तिचे आपोआप रक्षण होते, हा सार्वत्रिक समज येथे लागू पडत नाही.

ऊतकसंवर्धनाने (प्रयोगशाळेत ऊतके वाढवून) कळलावीची रोपे तयार करता येतात व त्यामुळे जंगलावरील भार हलका होऊ शकतो. परंतु एकाच वनस्पतीपासून केलेली रोपे आनुवंशिक दृष्ट्या सारखी असतात. एखादा रोग आल्यास सर्वच त्याला बळी पडण्याचा संभव असतो. म्हणून उत्पादनासाठी निवडक कृत्तक (क्लोन) वापरतानाच, अनेक ठिकाणांहून थोडे थोडे बी जमवून त्यापासून रोपवाटिकांत कंद वाढविणे, त्यांच्या मूळ स्थानांची नोंद ठेवणे आणि मूळ अधिवासात काही समुदाय अबाधित राखणे आवश्यक आहे. या कामास काही वर्षे लागतात. मात्र एकदा रोपवाटिका उभी राहिली, की जंगलातील कंद खणण्याचे कारण उरत नाही.