संगणकीय तक्त्यातील विशिष्ट शब्द असलेल्या ओळींची निवड : मराठी नोंदींच्या संदर्भात

प्रस्तावना :
ग्रामपंचायतीपासून महाविद्यालयापर्यंत सर्वत्र आज नोंदी संगणकीय तक्त्यात ठेवल्या जातात. इ. स. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांच्या 'व्हिजिकॅल्क'ने वैयक्तिक संगणकावर रूढ केलेली ही पद्धती पुढे 'एक्सेल', 'कॅल्क' इत्यादी आज्ञावलींनी विकसित केली. एक्सेलच्या एका पानावर २००३ च्या आवृत्तीपर्यंत ६५,५३६ ओळी मावत; २००७ च्या आवृत्तीपासून ही मर्यादा १०,४८,५७६ झाली. इतक्या ओळींतून विशिष्ट शब्द असलेल्या ओळी वेगळ्या करण्याचे साधन म्हणजे 'फिल्टर' होय. मराठी नोंदींसाठी ते वापरताना कोणती दक्षता घ्यावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

फिल्टरचे कार्य :
तक्त्याच्या शीर्षकओळीवर 'फिल्टर' लावून 'टेक्स्ट फिल्टर्स'मधील 'कंटेन्स' हा पर्याय निवडल्यास, दिलेला शब्द ज्या ओळींत आहे तेवढ्याच दिसतात. उरलेल्या ओळी नष्ट होत नाहीत, केवळ झाकल्या जातात. हेच काम 'फाइंड' या सूत्रानेही होते. शब्द आढळल्यास सूत्र त्याचे स्थान सांगते, न आढळल्यास त्रुटी दर्शविते. मात्र सूत्राला शब्द वा अर्थ कळत नाही, ते केवळ अक्षरचिन्हांचा क्रम जुळवते. 'बोरी' या शब्दात त्याच्या दृष्टीने ब, ओकाराची मात्रा, र आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हे असतात.

गावाच्या नावाचा प्रश्न :
परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील बोरी हे गाव उदाहरणादाखल घेता येईल. राज्यव्यापी यादीत 'बोरी' शोधल्यास यवतमाळ जिल्ह्यातील बोरी अरब आणि पुणे जिल्ह्यातील बोरी बुद्रुक यांच्याही ओळी समोर येतात. म्हणून जिल्हा व तालुका या स्तंभांवर प्रथम फिल्टर लावावा. २०११ च्या जनगणनेने प्रत्येक गावास सहा अंकी संकेतांक दिलेला आहे. तो यादीत असल्यास नावाऐवजी त्यावरून निवड करणे अधिक विश्वसनीय ठरते.

कामाच्या वर्णनाचा प्रश्न :
अशा गावाच्या विकासकामांच्या यादीतून रस्त्यांची कामे निवडावयाची आहेत, असे समजू. 'रस्ता' हा शब्द 'फाइंड' सूत्रास दिल्यास 'शाळाखोली बांधकाम प्रस्ताव' ही ओळही निवडली जाते. कारण 'प्रस्ताव' या शब्दात तिसऱ्या चिन्हापासून 'रस्ता' हीच चिन्हे क्रमाने येतात. उलटपक्षी 'रस्त्याचे खडीकरण' ही ओळ सुटते, कारण सामान्यरूप होताना 'ता'चा 'त्या' झालेला असतो. 'विहीर' शोधताना 'विहिरीची दुरुस्ती' सुटते, तर 'पूल' शोधताना 'पुलाचे बांधकाम' सुटते. येथे दीर्घाचा ऱ्हस्व होणे हा मराठी व्याकरणाचा नियम आहे, लेखनदोष नव्हे.

यावर उपाय असा की, मूळ रूप व सामान्यरूप या दोन्हींतील समान भाग शोधावा, उदाहरणार्थ 'रस्त'. 'प्रस्ताव' टाळण्यासाठी एका साहाय्यक स्तंभात प्रत्येक नोंदीच्या आधी एक रिकामी जागा जोडावी आणि रिकाम्या जागेसह 'रस्त' शोधावे. 'प्रस्ताव' असलेल्या सर्व ओळी सरसकट वगळू नयेत, कारण त्यात 'रस्त्याचा प्रस्ताव'ही जाईल. 'जोडरस्ता', 'शिवरस्ता' यांसारख्या सामासिक शब्दांसाठी स्वतंत्र शोध घ्यावा. 'विहीर' व 'विहिर' ही दोन्ही रूपे 'किंवा' या अटीने जोडावीत.

जुन्या नोंदींच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते. युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसला, तरी आत रोमन अक्षरांचे संकेत साठविलेले असतात. अशा नोंदींत युनिकोडमधील शब्द शोधल्यास एकही ओळ मिळत नाही. म्हणून त्यांचे आधी रूपांतर करून घेणे आवश्यक ठरते.

पडताळणी :
निवडीत दोन प्रकारच्या चुका होतात : नको ती ओळ येणे आणि हवी ती ओळ सुटणे. पहिली चूक वाचताना लक्षात येते. दुसरी दिसतच नाही, म्हणून ती अधिक घातक होय. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये एखाद्या नागरिकाने गावातील विहिरींच्या कामांची माहिती मागितली आणि उत्तर केवळ 'विहीर' या शोधावर बेतले गेले, तर झालेले कामही 'नोंद नाही' असे ठरू शकते. यास्तव 'डज नॉट कंटेन' हा उलट फिल्टर लावून उरलेल्या ओळींवरूनही नजर फिरवावी. तसेच निवडलेल्या व उरलेल्या ओळींची बेरीज एकूण ओळींइतकी येते की नाही, हे पाहावे.

समारोप :
फिल्टर चिन्हे जुळवितो. अर्थ जुळविण्याचे काम वाचणाऱ्याचेच राहते. मराठी शब्दांची रूपे लक्षात घेऊन शोधशब्द ठरविला आणि वगळलेल्या ओळीही तपासल्या, तरच गावाच्या नोंदीतून गावाचे खरे चित्र हाती येईल.