चार मुली गमावलेलं दाम्पत्य जेरुसलेमला गेलं आणि तिथलंच झालं. काय आहे 'अमेरिकन कॉलनी'ची गोष्ट?

पश्चिम आशियातल्या संघर्षाच्या बातम्या नियमित वाचणाऱ्यांना पूर्व जेरुसलेममधल्या 'अमेरिकन कॉलनी हॉटेल'चं नाव अनोळखी नसेल. परदेशी पत्रकार, राजनैतिक अधिकारी आणि वाटाघाटी करणारे इथे उतरतात. ब्रिटनचे माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर शांततादूत म्हणून काम करत होते, तेव्हा त्यांचं कार्यालयही याच हॉटेलात होतं. पण जेरुसलेममधल्या हॉटेलचं नाव 'अमेरिकन' कसं आणि 'कॉलनी' कसली? याचं उत्तर शोधायचं तर दीडशे वर्षं मागे, थेट शिकागोला जावं लागतं.

कोण होतं हे दाम्पत्य?

होरेशिओ स्पॅफर्ड हे शिकागोतले वकील. पत्नी ॲना मूळच्या नॉर्वेच्या, लहानपणीच अमेरिकेत आलेल्या. 1861 मध्ये त्यांचं लग्न झालं. घर प्रेस्बिटेरियन पंथाचं, चर्चच्या कामात पुढे असणारं. त्या काळचे गाजलेले धर्मोपदेशक ड्वाइट मूडी त्यांचे स्नेही होते. होरेशिओंनी बराच पैसा शिकागोतल्या जमिनींत गुंतवला होता. ऑक्टोबर 1871 मध्ये शिकागोला लागलेल्या प्रचंड आगीत शहराचा मोठा भाग बेचिराख झाला आणि या गुंतवणुकीचंही कंबरडं मोडलं.

दोन वर्षांनी कुटुंबानं युरोपला जायचं ठरवलं. ऐनवेळी होरेशिओ कामासाठी मागे थांबले. ॲना चार मुलींना घेऊन 'व्हिल द्यु हाव्र' या फ्रेंच जहाजानं निघाल्या. सर्वांत मोठी मुलगी अकरा-बारा वर्षांची, तर धाकटी अवघी दोन वर्षांची. 22 नोव्हेंबर 1873 च्या पहाटे भर अटलांटिकमध्ये 'लॉक अर्न' या लोखंडी शिडाच्या जहाजाशी टक्कर झाली. मोठं जहाज जेमतेम बारा मिनिटांत बुडालं. 226 जणांचा जीव गेला. ॲना बेशुद्धावस्थेत पाण्यावर तरंगताना सापडल्या. चारही मुली गेल्या होत्या.

वेल्समधल्या कार्डिफ बंदरात पोहोचल्यावर ॲनांनी पतीला तार केली. त्या तारेची सुरुवात दोनच शब्दांची होती आणि त्यांचा अर्थ होता, 'एकटीच वाचले'. ही तार आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवलेली आहे.

त्या प्रसिद्ध भजनाचं काय?

'इट इज वेल विथ माय सोल' हे जगभरच्या चर्चमध्ये गायलं जाणारं भजन होरेशिओंचं. पत्नीला आणायला जाताना, मुली बुडाल्या त्याच जागी जहाजावर त्यांनी ते लिहिलं, असं सर्रास सांगितलं जातं. त्यांच्या मुलीच्या आठवणींतही तसंच आहे. मात्र उपलब्ध असलेलं हस्तलिखित शिकागोतल्या एका हॉटेलच्या छापील कागदावर आहे. म्हणजे ओळी समुद्रावर सुचल्या असतीलही, पण जो कागद आपल्यापर्यंत आला तो जमिनीवरचा. फिलिप ब्लिस यांनी 1876 मध्ये त्याला चाल लावली आणि त्या चालीला नाव दिलं ते बुडालेल्या जहाजाचं.

व्हॉट्सॲपवर फिरणारी गोष्ट साधारण इथे संपते. खरी गोष्ट मात्र इथून पुढे सुरू होते.

मग जेरुसलेमच का?

या दाम्पत्याला पुढे तीन अपत्यं झाली. त्यातला मुलगा 1880 मध्ये स्कार्लेट फिव्हरनं दगावला. इतके आघात एकाच घरावर का? देवानं पापाची शिक्षा दिली असणार, अशी कुजबुज त्यांच्याच चर्चमध्ये सुरू झाली. सांत्वनाला आलेल्यांकडून हे ऐकावं लागलेल्या आईबापांची काय अवस्था झाली असेल, हे वेगळं सांगायला नको. निष्पाप लेकरांना शिक्षा देणारा देव मानायला होरेशिओंनी नकार दिला. चर्चशी बिनसलं आणि त्यांच्याभोवती समविचारी माणसांचा एक छोटा गट जमला. येशूचं पुनरागमन जवळ आलं आहे आणि ते जेरुसलेममध्ये होईल, अशी या गटाची श्रद्धा होती.

ऑगस्ट 1881 मध्ये 13 मोठी माणसं आणि 3 मुलं शिकागोहून निघाली. होरेशिओंच्या डोक्यावर तेव्हा कर्ज होतं. त्यामुळे हा प्रवास निव्वळ श्रद्धेचा होता की अडचणींपासून सुटकेचाही, असा प्रश्न चरित्रकारांनी विचारलेला आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असायला तशी काही हरकत नाही.

तीर्थयात्रा की मिशन?

तीर्थयात्री जातो, दर्शन घेतो आणि घरी परततो. मिशनरी शिकवायला, उपचार करायला आणि धर्माचा प्रचार करायला जातो. त्या काळी जेरुसलेम ऑटोमन साम्राज्यात होतं आणि तिथे युरोपीय-अमेरिकी मिशनरी संस्थांची गर्दी होती. स्पॅफर्ड मंडळी या दोन्ही चौकटींत बसत नव्हती. त्यांनी जुन्या शहरात दमास्कस गेटजवळ, तटबंदीला लागून घर घेतलं, एकत्र चूल मांडली आणि पैसा सामाईक ठेवला. कुणाचंही धर्मांतर करायचं नाही, एवढं मात्र पक्कं होतं.

नेमकी हीच गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडली. बाप्तिस्म्याचा आग्रह नसल्यानं मुस्लिम आणि ज्यू शेजाऱ्यांची दारं त्यांच्यासाठी उघडली. 1882 च्या सुमारास येमेनहून आलेले ज्यू निर्वासित शहराबाहेर हालअपेष्टांत दिवस काढत होते. कॉलनीनं त्यांच्या जेवणाची सोय केली. दुसरीकडे अमेरिकेचे तिथले वाणिज्यदूत सेला मेरिल यांना मात्र ही मंडळी डोळ्यांसमोर नको होती. आपल्याच देशाच्या अधिकाऱ्याशी त्यांचा वाद वर्षानुवर्षं चालला.

होरेशिओ 1888 मध्ये मलेरियानं वारले. सूत्रं ॲनांकडे आली.

स्वीडनची माणसं आणि लग्नावर बंदी

1896 मध्ये कॉलनीचा चेहरामोहरा बदलला. शिकागोत राहणारे स्वीडिश आणि स्वीडनमधल्या नोस गावचे शेतकरी घरदार, शेतीवाडी विकून इथे दाखल झाले. माणसांची संख्या पुढे दीडशेच्या आसपास गेली. जुनं घर अपुरं पडू लागलं, तेव्हा तटबंदीबाहेर शेख जर्रा भागातला हुसेनी कुटुंबाचा वाडा घेतला गेला. आजचं हॉटेल तो हाच वाडा.

या शेतकऱ्यांची गोष्ट सेल्मा लागरलोव्ह यांना समजली. त्या 1900 मध्ये जेरुसलेमला येऊन गेल्या आणि 'जेरुसलेम' ही दोन भागांची कादंबरी त्यांनी लिहिली. 1909 मध्ये साहित्याचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

कॉलनीतलं जगणं मात्र कादंबरीइतकं रम्य नव्हतं. ॲनांचा शब्द अंतिम असे. ब्रह्मचर्याचा नियम होता. नवी लग्नं होत नसत आणि विवाहित जोडप्यांनाही वेगळं राहावं लागे. स्वतः सहा-सात लेकरांची आई असलेल्या बाईनं हा नियम लादावा, हे आज वाचताना खटकतं. कॉलनी सोडून गेलेल्यांनी तक्रारीही केल्या. 1904 मध्ये ॲनांची मुलगी बर्था हिचं लग्न झालं, त्या सुमारास हा नियम सुटला. नियम मुलीच्या वेळीच का सुटला, असा प्रश्न इतरांना पडला असल्यास नवल नाही.

कॅमेरा, टोळधाड आणि एक चादर

पोटासाठी कॉलनीनं बेकरी चालवली, दुकान काढलं, पाहुण्यांना खोल्या दिल्या. जगाला सर्वाधिक उपयोग झाला तो त्यांच्या फोटो विभागाचा. 1898 मध्ये जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा जेरुसलेमला आला, तेव्हा कॉलनीच्या छायाचित्रकारांनी तो दौरा टिपला. 1915 मध्ये पॅलेस्टाइनवर प्रचंड टोळधाड आली. झाडाच्या सालीपर्यंत सगळं फस्त झालं. कॉलनीनं टोळाच्या अंड्यापासून पंख फुटेपर्यंतच्या अवस्थांचे क्रमवार फोटो काढले आणि ते त्याच वर्षी डिसेंबरच्या 'नॅशनल जिओग्राफिक'मध्ये झळकले. या परंपरेतल्या 22 हजारांहून अधिक निगेटिव्ह आणि पारदर्शिका आज लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत. त्या ऑनलाइन पाहता येतात. एकदा पाहायला बसलं की तास कसा जातो कळत नाही.

टोळधाडीपाठोपाठ उपासमार आली, पहिलं महायुद्ध तर सुरूच होतं. कॉलनीनं अन्नछत्रं चालवली, जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. 9 डिसेंबर 1917 च्या सकाळी ऑटोमन फौजा शहर सोडून गेल्या आणि महापौर हुसेन सलीम अल-हुसेनी शरणागतीचं पत्र घेऊन ब्रिटिशांच्या शोधात निघाले. सोबत पांढरं निशाण म्हणून एक चादर होती. कॉलनीच्या आठवणींनुसार ती त्यांच्याच रुग्णालयातल्या खाटेवरची. काठीला बांधलेली चादर, कोट घातलेले महापौर आणि समोर दोन ब्रिटिश सार्जंट, हा इतिहासाच्या पुस्तकांत छापला जाणारा फोटोही कॉलनीच्याच छायाचित्रकारानं काढला. त्या चादरीचा तुकडा लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियममध्ये आहे.

आज काय उरलं आहे?

ॲना 1923 मध्ये वारल्या. पुढच्या दशकात मतभेद विकोपाला जाऊन सामूहिक जीवन मोडलं. हॉटेल राहिलं. पण या दाम्पत्याच्या कामाशी अधिक जवळचं नातं आहे ते जुन्या शहरातल्या त्यांच्या पहिल्या घराचं.

1925 च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी बर्था बेथलेहेमला भजनं गायला निघाल्या होत्या. वाटेत गाढवावर बसलेली एक आजारी अरब बाई आणि तिचा नवरा भेटला. जवळ तान्हं बाळ होतं. बर्थांनी बेथलेहेमचा बेत रद्द करून बाईला रुग्णालयात पोहोचवलं. ती त्याच रात्री गेली. दुसऱ्या दिवशी नवरा बाळाला घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला. आपल्याकडे ते जगणार नाही, तुम्हीच सांभाळा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मग आणखी बाळं येत गेली आणि जुन्या घरात ॲना स्पॅफर्ड यांच्या नावानं बालसंगोपनगृह सुरू झालं. 'स्पॅफर्ड चिल्ड्रन्स सेंटर' या नावानं त्याच वास्तूत पूर्व जेरुसलेममधल्या मुलांसाठी ते काम आजही चालतं.