जुन्या रुळांची जागा

लातुरात पत्ता सांगताना लोक अजूनही ‘जुन्या रेल्वे लाइनजवळ’ असे म्हणतात. रूळ उखडून बरीच वर्षे झाली, नाव तेवढे राहिले. त्या नावावरून चार मंडळी जमली की वाद निघतो. एक पक्ष म्हणतो, छोटी गाडी निदान सहलीसाठी तरी ठेवायची होती. दुसरा विचारतो, गावाच्या मध्यावरची मोलाची जागा रस्त्याला आणि घरांना लागावी, की हौसेच्या गाडीला? निवाडा करण्यापूर्वी ही गाडी गावाची कोण लागत होती, ते पाहू.

बार्शी लाइट रेल्वेची कुर्डुवाडी–बार्शी गाडी 1897 साली सुरू झाली. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराची ती कल्पना. रुळांमधले अंतर अडीच फूट, आणि कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही. म्हणजे हलके रूळ पुरतात आणि खर्च आटोक्यात राहतो. 1906 साली ती पंढरपुरास गेली, वारकऱ्यांची सोय झाली. 1911 साली निजामाच्या मुलखात, लातुरास आली. त्यानंतर सहा वर्षांनी, 1917 मध्ये, फैय्याजुद्दीन यांच्या आराखड्याप्रमाणे गंजगोलाई उभी राहिली. मध्ये अंबाबाई, भोवती वाटोळी पेठ आणि तिला मिळणारे सोळा रस्ते. आधी गाडी, मग ही पेठ, हा नुसता योगायोग आम्ही मानीत नाही.

पण या गाडीची एक खोड होती. तिचे डबे मोठ्या लाइनवर जाऊ शकत नसत. लातूरचा माल कुर्डुवाडीस उतरवून दुसऱ्या डब्यांत भरावा लागे. वेळ जाई, मजुरी जाई आणि पोतीही फाटत. म्हणून ब्रॉडगेजची मागणी झाली. 2007–08 मध्ये ते काम पुरे झाले. नवी लाइन धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) गावाला जोडून गेली आणि लातूरचे स्टेशन गावाबाहेर आले. 2016 च्या दुष्काळात एप्रिल महिन्यात मिरजेहून पहिली पाण्याची गाडी लातुरास पोचली, ती याच रुळांवरून. पहिल्या खेपेस दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. जुन्या लाइनची हळहळ करणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात धरावे.

आता सहलीच्या गाडीचे. माथेरानची छोटी गाडी 1907 पासून आहे. ती टिकली याचे कारण नुसती हौस नव्हे. तेथे चढण आहे आणि वर माथेरानात मोटारींना मज्जाव आहे. गाडीला तेथे काम आहे. लातुरापासची जमीन सपाट, शेजारून रस्ता आणि एस.टी. वाटेत येडशीजवळ रामलिंगचा घाट आहे, तेवढा तुकडा सहलीला शोभला असता. पण त्यासाठी गावातली लाइन राखण्याची गरज नव्हती. आमच्या मते येथेच दोन्ही पक्षांची गल्लत होते. गाडी आणि गावातली जागा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसरा अधिक मोलाचा.

गावातून आरपार जाणारी सलग पट्टी पैसा देऊन पुन्हा मिळत नाही. तिचे तुकडे पडून दुकाने आणि घरे झाली, की पुढच्या पिढीस रस्ता काय, सायकलवाट काय, काहीच काढता येत नाही. म्हणून आराखड्यात अशा जागेवर काय लिहिले जाते, तेथे लक्ष हवे. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे गावाची विकास योजना होते. निवासी विभाग नकाशात पिवळा असतो. पण पिवळे रंगवले म्हणून तेथे घरेच राहतात असे नाही. लातुरात बाहेरगावचे विद्यार्थी शिकवणीसाठी येतात, म्हणून राहत्या घरांच्या वरच्या मजल्यांवर वसतिगृहे आणि खाली खानावळी झाल्या. घरमालकाला त्यात भाडे दिसते, शेजाऱ्याला नळाचे पाणी आणि गटार. दोघेही खोटे नाहीत!

नांदेडला उलट चित्र दिसले. 2008 साली गुरु-ता-गद्दीचा तीनशे वर्षांचा सोहळा ठरला होता. शहर राष्ट्रीय नागरी नूतनीकरण अभियानात घेतले गेले आणि गुरुद्वाऱ्याच्या परिसरातले रस्ते रुंद झाले. यात्रेकरूंची सोय झाली, हे खरेच. पण रस्ता रुंद होतो तो कोणाच्या तरी ओसरीवरून. नांदेडला सोहळ्याची तारीख पाठीशी होती, म्हणून कामे झाली. लातूरच्या पट्टीला तारीख नव्हती.

तारीख कायद्यात मात्र आहे. प्रारूप योजना प्रसिद्ध झाली की नागरिकांना ठरलेल्या मुदतीत हरकती व सूचना देता येतात आणि सुनावणीही होते. खाजगी जमिनीवर आरक्षण टाकून अंतिम योजनेपासून दहा वर्षांत ती घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यापुढील मुदतीतही हालचाल झाली नाही, तर आरक्षण उठते. महानगरपालिकेचा नकाशा भिंतीवर लागतो तेव्हा तो पाहावयास जाणारे बहुधा जमीनमालक आणि दलालच असतात. भाडेकरू, विद्यार्थी आणि गोलाईतले हमाल तेथे क्वचितच दिसतात.